विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायचं आहे: वाचायचं कसं, लिहायचं कसं

एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. विद्यापीठात तत्त्वज्ञान घ्यायचं त्याने जवळपास ठरवलंय. विषय सोपा करून सांगणारी पुस्तकं त्याने पुष्कळ वाचली, व्याख्यानं ऐकली, ती समजलीही. पण मूळ ग्रंथ हातात घेतला की चौथ्या-पाचव्या पानावर गाडी अडते. तो विचारतो: माझ्यात कुवत नाही असं समजू का? प्रवेशाआधी तयारी काय करू? आणि पदवीनंतर पुढे काय?

मी चोवीस वर्षं ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे काय आणि ते कसं मिळतं याचा अभ्यास) आणि नीतिशास्त्र शिकवतेय. पहिल्या वर्षाच्या वर्गापासून पीएच.डी.पर्यंतचे विद्यार्थी जवळून पाहिलेत. त्या अनुभवावरून थोडं सविस्तर लिहिते.

आधी कुवतीचं. चौथ्या पानावर तुम्ही अडता, म्हणजे काहीतरी जुळत नाहीये हे तुम्हाला जाणवतंय. ही जाणीव आणून द्यायला मला एकेका विद्यार्थ्यासाठी वर्ष वर्ष खर्ची घालावं लागतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटचा मुख्य ग्रंथ, 'क्रिटीक ऑफ प्युअर रीझन', १७८१ साली आला तेव्हा त्याच्या काळच्या जाणत्या वाचकांचीही दमछाक झाली. गैरसमज इतके झाले की १७८३ मध्ये त्याने त्याच विषयावर एक छोटा प्रवेशग्रंथ लिहिला आणि १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत काही कळीचे भाग नव्याने लिहून काढले. तेव्हा अडण्याचा तुम्ही धसका घेऊ नका. अडल्यावर काय करायचं हे मात्र शिकावं लागतं, आणि पदवीची तीन-चार वर्षं मुख्यतः त्यासाठीच असतात.

बहुतेक विद्यार्थी मतं गोळा करण्याची सवय घेऊन येतात. प्लेटो असं म्हणाला, देकार्त तसं म्हणाला, ह्यूमने ते खोडलं. अशा टिपणांवर परीक्षा पास होता येतं, बरे गुणही मिळतात. पण दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर असा विद्यार्थी माझ्याकडे येतो आणि म्हणतो, 'मॅडम, सगळं पाठ आहे, पण आतून काहीच कळलेलं नाही.' त्याचं म्हणणं खरं असतं. मत ही वाटचालीच्या शेवटी येणारी गोष्ट आहे. त्या मताला माणूस कुठल्या रस्त्याने पोचला, रस्त्यात कुठे वळला, कुठली वाट त्याने सोडून दिली, हे कळल्याशिवाय मत हातात असून उपयोग नाही.

एक लेख घेऊन दाखवते. १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने तीन पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. ज्ञानाची एक जुनी व्याख्या अशी: एखादी गोष्ट मला माहीत आहे म्हणजे ती गोष्ट खरी आहे, ती खरी आहे असं मी मानतो, आणि तसं मानायला माझ्याकडे पुरेसा आधार आहे. गेटियरने या व्याख्येविरुद्ध दोन उदाहरणं दिली. पहिलं असं. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी उमेदवार आहेत. कंपनीच्या प्रमुखानेच स्मिथला सांगितलंय की नोकरी जोन्सला मिळणार. जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे स्मिथने स्वतः मोजून पाहिलंय. त्यावरून तो निष्कर्ष काढतो: ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. पुढे नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही नकळत त्याच्या खिशात दहाच नाणी असतात. निष्कर्ष खरा ठरला, त्याच्यावर त्याचा विश्वास होता, आधारही होता. पण स्मिथला ते माहीत होतं असं म्हणवत नाही.

हे दहा मिनिटांत वाचून होतं. मी त्यावर वर्गात दोन आठवडे घालवते. पहिल्या तासाला सगळ्यांना नाण्यांची गोष्ट आठवत असते. गोष्ट सांगण्याआधी गेटियरने दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हे क्वचितच कुणाच्या लक्षात आलेलं असतं. एक, पुरेसा आधार असूनही माणसाचं मत खोटं असू शकतं. दोन, आधार असलेल्या मतातून कुणी बिनचूक तर्काने निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्षही आधार असलेलाच ठरतो. सगळी किल्ली या दोन वाक्यांत आहे. दुसरं नाकारलं तर स्मिथचा निष्कर्ष निराधार ठरतो आणि जुनी व्याख्या वाचते. मग वर्गात खरी चर्चा सुरू होते: ते नाकारायचं तर किंमत काय मोजावी लागेल? गणितात आपण एका सिद्धतेवरून दुसरीकडे जातो ते कशाच्या भरवशावर?

मग कुणीतरी म्हणतं, हा निव्वळ योगायोग आहे. मी विचारते, योगायोग नेमका कुठे शिरला? शोधता शोधता सापडतं की 'नोकरी जोन्सला मिळणार' ही मधली पायरी खोटी होती. म्हणून दुरुस्ती सुचते: मतापर्यंत पोचताना एकही पायरी खोटी असता कामा नये. वर्गाला हायसं वाटतं. पुढच्या तासाला मी १९७६ मधलं ॲल्विन गोल्डमनचं उदाहरण मांडते. एक माणूस गाडीतून जाताना धान्याचं कोठार बघतो आणि 'हे कोठार आहे' असं मानतो. ते खरंच कोठार आहे. पण त्या परिसरात बाकी सगळीकडे नुसते दर्शनी भाग उभे केलेले आहेत, मागे काहीच नाही, आणि याच्या नजरेला नेमकं एकुलतं एक खरं कोठार पडलं. इथे मधली खोटी पायरीच नाही. तरी त्याला माहीत होतं म्हणायला जीभ कचरते. काहींची कचरत नाही, आणि तेही आपली बाजू नेटाने मांडतात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी विद्यार्थ्यांकडे उत्तर नसतं. पण कुठली दुरुस्ती कुठे आणि का तुटते हे त्यांच्या बोटांवर असतं. तीन पानं वाचली असं मी त्यानंतर म्हणते.

याच्या जोडीला मी आठव्या शतकातल्या धर्मोत्तराचं उदाहरण ठेवते. बौद्ध प्रमाणशास्त्रातला, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या साधनांच्या शास्त्रातला, हा मोठा भाष्यकार. मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवलाय, अजून धूर निघालेला नाही, पण वर किड्यांचा थवा घोंगावतोय. दुरून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव आहेच. मग त्याला ज्ञान झालं का? हजार-बाराशे वर्षांच्या अंतराने दोन माणसं एकाच ठिकाणी बोट ठेवतात हे पाहून विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात, आणि मलाही दरवर्षी तितकाच आनंद होतो. पण तिथे थांबून चालत नाही. धर्मोत्तरापुढचा प्रश्न प्रमाणाचा होता: ज्ञान देणारी प्रक्रिया बिघडलेली असताना तिच्यातून निघालेली खरी गोष्ट ज्ञानात धरायची का? गेटियरपुढचा प्रश्न व्याख्येचा होता. साम्य दिसल्यावर फरक शोधायला बसणं, यात अर्धा अभ्यास आहे.

बऱ्याच अभ्यासक्रमांत भारतीय आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे पेपर वेगळे असतात आणि ते शिकवणारेही वेगळे असतात. तुम्ही स्वतः ते एकत्र आणा. ह्यूमने १७४८ मध्ये विचारलं की आजवर असं घडलं म्हणून उद्याही घडेल, हे कशावरून? अनुभवावरून म्हणाल तर अनुभवावर विसंबण्याचंच तर समर्थन हवंय. भारतीय दर्शनांचा आढावा घेणाऱ्या 'सर्वदर्शनसंग्रह' या संस्कृत ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात चार्वाकांचा आक्षेप मांडलाय तो याच्या अगदी शेजारी बसतो: जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती (कायमची जोडी) प्रत्यक्षाने कळणार नाही, कारण भूत-भविष्यातले सगळे धूर कुणी पाहिलेले नाहीत, आणि अनुमानाने म्हणाल तर त्या अनुमानालाही व्याप्ती लागेल, तिला पुन्हा तिसरी. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, या आक्षेपाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली. ही दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा.

इथे भाषेबद्दल बोलायलाच हवं. देकार्तचा प्रश्न आपण मराठीत 'मन आणि शरीर यांचा संबंध' असा लिहितो. वर्षानुवर्षं मीही फळ्यावर असंच लिहीत होते. एकदा न्यायदर्शन नीट वाचून आलेल्या मुलीने विचारलं, 'पण मन तर अचेतन आहे ना? मग अडचण कुठली?' ती बरोबर होती. न्यायदर्शनात मन हे अणुपरिमाणाचं, अचेतन असं आतलं इंद्रिय आहे. ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. सांख्यात तर मन, बुद्धी, अहंकार ही सगळी प्रकृतीची अपत्यं, म्हणजे जडाच्याच बाजूला, चैतन्य पुरुषाकडे. देकार्तला जे म्हणायचं होतं त्यासाठी 'मन' हा शब्द घेतला की आपण नकळत या सगळ्या चौकटी एकमेकांत मिसळतो. त्या दिवसापासून मी आधी विचारते की प्रत्येकजण विभागणीची रेघ कुठे ओढतो, आणि मग शब्द निवडते. तुम्ही इंग्रजीतून शिकलात तरी प्रत्येक महत्त्वाचा युक्तिवाद एकदा मराठीत लिहून पाहा. जिथे शब्द सापडत नाही तिथे बहुधा तुम्हाला कळलेलं नसतं, किंवा तिथे खरोखरच काहीतरी खोल दडलेलं असतं. दोन्ही कळणं फायद्याचंच.

वर्गात प्रश्न कसा विचारावा याचा उत्तम नमुना माझ्या दृष्टीने बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिचं देकार्तला गेलेलं मे १६४३ चं पत्र. देकार्त म्हणतो आत्मा म्हणजे विचार करणारं तत्त्व, त्याला विस्तार नाही, म्हणजे तो जागा व्यापत नाही. एलिझाबेथ 'तुमचं चूक आहे' असं म्हणत नाही. तिचा मुद्दा साधारण असा: एखादी वस्तू हलते ती तिला मिळालेल्या धक्क्याने किंवा हलवणाऱ्याच्या पृष्ठभागाच्या गुणांमुळे. त्याला स्पर्श लागतो, विस्तार लागतो. आत्म्याच्या तुमच्याच कल्पनेत यांतलं काही बसत नाही. मग तो शरीराला हलवतो कसा? तिने बाहेरून काहीच आणलं नाही. देकार्तची स्वतःची विधानं एकमेकांसमोर उभी केली. पुढे कित्येक पत्रं झाली आणि तिचं समाधान सहजासहजी झालं नाही. असा प्रश्न विचारायला समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच आत्मसात करावं लागतं. आपल्या परंपरेत यालाच पूर्वपक्ष म्हणतात. पूर्वपक्ष इतका नीट मांडायचा की प्रतिपक्षाने मान हलवून 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणावं. खंडन त्यानंतर.

आता लिहिण्याकडे येते, कारण विद्यार्थी सगळ्यांत जास्त इथे शिकतात आणि इथेच सगळ्यांत जास्त निराश होतात. पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटमध्ये हमखास सापडतो असा परिच्छेद देते:

'आपली प्रत्येक कृती आधीच्या कारणांनी ठरलेली असेल, तर कुणालाच आपल्या कृतीसाठी जबाबदार धरता येणार नाही. पण आधुनिक भौतिकशास्त्राने दाखवलं आहे की सगळं आधीच ठरलेलं नसतं. म्हणून माणूस आपल्या कृतीला जबाबदार असतो.'

वाचायला छान वाटतं. आता सांगाडा बघा. क असेल तर ख नाही. क नाही. म्हणून ख आहे. हा युक्तिवाद वैध नाही. पाऊस पडला तर सामना होणार नाही. पाऊस पडला नाही. म्हणून सामना होईल, असं होत नाही, कारण सामना दुसऱ्या कारणानेही रद्द होऊ शकतो. जबाबदारीचंही तेच. माझा हात निव्वळ यदृच्छेने उडाला, कुठल्याच कारणाने नाही, तर ती कृती आधी ठरलेली नव्हती हे खरं, पण म्हणून मी तिला जबाबदार कसा? उलट माझा संबंध आणखीच तुटला. शिवाय भौतिकशास्त्राबद्दलचं वाक्य एका दमात म्हणून टाकलंय. पुंजयांत्रिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) अर्थ कसा लावायचा यावर तिथेच मतभेद आहेत. आणि पहिलं विधान तर सगळ्यांत वादग्रस्त. ह्यूमसारखे विचारवंत म्हणतील की कृती माझ्याच इच्छेतून, जबरदस्तीशिवाय निघाली असेल तर तिला कारणं असूनही मी जबाबदार आहे.

म्हणजे तीन वाक्यांत तीन ठिकाणी भोकं. मी समासात एवढंच लिहिते: 'कशावरून?' 'आणखी कुठली शक्यता?' 'हे न मानणारा काय म्हणेल?' विद्यार्थी दुसरा खर्डा आणतो तेव्हा दावा आकसलेला असतो. उदाहरणार्थ: 'कारणांनी ठरलेलं नसणं एवढ्याने जबाबदारी सिद्ध होत नाही, हे मी दाखवणार आहे.' हा छोटा दावा तो पाच पानांत खरोखर सिद्ध करू शकतो. माझ्याच पहिल्या निबंधावर माझ्या शिक्षकांनी एकच ओळ लिहिली होती: 'यातलं एक वाक्य निवडा आणि फक्त त्याच्याबद्दल लिहा.' तेव्हा मला ती तोडून टाकणारी वाटली होती. आज मी तेच शब्द दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीवर लिहिते.

वर जो सांगाडा काढला तो काढायला तर्कशास्त्राचा पेपर शिकवतो. विद्यार्थी त्याला गणित समजून घाबरतात आणि पुढे ढकलतात. तसं करू नका, पहिल्याच वर्षी घ्या आणि गणितं स्वतः सोडवा, सोडवलेली वाचू नका. सत्यता कोष्टकं (विधानांच्या खरे-खोटेपणाचे तक्ते) आठवडाभरात हाताला बसतात. खरी मजा त्यानंतर, 'सर्व' आणि 'काही' यांचं तर्कशास्त्र लागतं तेव्हा. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने १८७९ मध्ये त्याची पद्धत उभी केली. 'प्रत्येकाचं कुणावर तरी प्रेम असतं' आणि 'असं कुणीतरी आहे, ज्याच्यावर प्रत्येकाचं प्रेम आहे' ही दोन वाक्यं चिन्हांत लिहून पाहा. मग 'प्रत्येक घटनेला काहीतरी कारण असतं, म्हणून सगळ्या घटनांचं एकच आदिकारण असलं पाहिजे' हा युक्तिवाद समोर ठेवा. पहिल्यावरून दुसरं निघत नाही हे डोळ्यांना दिसतं. ईश्वर आहे की नाही हा प्रश्न त्याने मिटत नाही, पण या वाटेने तिथे जाता येत नाही एवढं पक्कं होतं.

सारांशांबद्दल मुद्दाम सांगते. आता कुठल्याही ग्रंथाचा सारांश, यंत्राने लिहिलेलासुद्धा, काही सेकंदांत मिळतो. मूळ पान स्वतः एकदा धडपडत वाचून झाल्यावर, मी कुठे भरकटलो हे तपासायला तो जरूर बघा. आधी बघितलात तर नंतर मूळ पानात तुम्हाला फक्त तो सारांशच दिसेल. गेटियरची ती दोन गृहीतकं सारांशांतून सहसा गळालेली असतात.

एक गोष्ट विद्यार्थी उघडपणे बोलत नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास काहीजणांना पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. लहानपणापासून धरलेली श्रद्धा, बरं-वाईट ठरवायची मापं, सगळंच प्रश्नाखाली येतं, आणि त्या जागी लगेच काही मिळत नाही. हे खूप जणांना होतं. अशा वेळी एकट्याने वाचत बसू नका. शिक्षकांशी बोला, चार मित्रांचा वाचनगट करा, आणि आयुष्यातले मोठे निर्णय त्या भरात घेऊ नका. आक्षेपाचं उत्तर आज सुचत नाही म्हणून आक्षेप खरा ठरतो असंही नाही. आणि मन फारच खचलं, झोप उडाली, तर त्याला तत्त्वज्ञानाचा प्रश्न समजू नका, समुपदेशकाकडे जा.

पुढे काय, याचं उत्तर थोडक्यात आणि सरळ देते. तत्त्वज्ञान शिकवण्याच्या पूर्णवेळ जागा थोड्या असतात आणि त्यासाठी पीएच.डी.सकट बरीच वर्षं द्यावी लागतात. त्या वाटेने जायचं असेल तर संस्कृत, पाली, ग्रीक, जर्मन यांपैकी एक भाषा आत्ताच सुरू करा. ऐन प्रबंधाच्या वेळी ती शिकणं जिवावर येतं. माझे बहुतेक विद्यार्थी दुसरीकडे गेले: वकिली, पत्रकारिता, प्रशासन, संपादन, सॉफ्टवेअर. वकिली करणारे सांगतात की विरुद्ध बाजूचं म्हणणं तिच्यापेक्षा नीट मांडायची सवय रोज कामी येते. तरीही पदवीच्या जोरावर आपोआप नोकरी मिळेल असं मी कुणालाच सांगत नाही. घरची परिस्थिती ओढीची असेल तर जोडीला दुसरा विषय किंवा एखादं कौशल्य ठेवा. त्याने अभ्यासाची निष्ठा कमी होत नाही.

प्रवेशाआधी करण्यासारखं एकच सांगते, कारण लांब यादी दिली तर तुम्ही पुन्हा गोळा करायला लागाल. गेटियरचा तो तीन पानांचा लेख मिळवा. पहिल्या दिवशी नुसता वाचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यासमोर लिहा: हे गृहीत आहे, हे उदाहरण आहे, की निष्कर्ष आहे? तिसऱ्या दिवशी लेख मिटून तोच युक्तिवाद मराठीत एका पानात लिहा. चौथ्या दिवशी त्याखाली आणखी एक पान: कुठलं गृहीत नाकारावंसं वाटतं आणि का. मग ती दोन्ही पानं तत्त्वज्ञानाशी काही संबंध नसलेल्या एखाद्या शहाण्या माणसाला वाचायला द्या, घरातलं कुणी असलं तरी चालेल. वाचताना तो जिथे थांबून 'पण हे कसं?' म्हणेल तिथे पेन्सिलीने खूण करा. उत्तर सुचलं नाही तरी खूण खोडू नका. पहिल्या दिवशी वर्गात येताना ती पानं घेऊन या.